दगडातला वारा बिस्किटात

मुलांनो, दोनशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजावरच्या खलाशाला रोज काय खायला मिळत असे, सांगा बरं? इंग्लंडच्या आरमारात माणशी रोज एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम बिस्किटं. धाकट्याचे डोळे लगेच चमकले! पण थांब रे बाळा, ती चहात बुडवून खायची खुसखुशीत बिस्किटं नव्हेत. नुसतं पीठ आणि पाणी घट्ट मळायचं, थापायचं आणि आत ओलाव्याचा अंशही उरणार नाही इतकं भट्टीत वाळवायचं. ओलावा नाही म्हणून बुरशी नाही, म्हणून ती वर्ष वर्ष टिकत. पण दाताने तुटत नसत. आतले किडे गळून पडावेत म्हणून खलाशी ती आधी टेबलावर आपटायचे, मग रश्शात भिजत घालायचे.

मग जहाजावर ताजा पाव का नाही भाजायचा? थोरलीने बरोबर विचारलं. अगं, पाव फुगतो यीस्टमुळे. यीस्ट म्हणजे सूक्ष्म जीव. त्यांना ऊब लागते, खायला लागतं, वेळ लागतो. सहा-सहा महिन्यांच्या प्रवासात, कधी बर्फाळ तर कधी रणरणत्या हवेत, त्यांना सांभाळणार कोण? जमिनीवरच्या बेकरीत जे रात्रभरात होतं, ते डुलत्या जहाजावर होत नसे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल बंदरात हेन्री जोन्स नावाचा एक बेकरीवाला होता. बंदरातून जहाजं ये-जा करायची, त्यामुळे खलाशांचे हाल त्याला ठाऊक होते. त्याच्या मनात आलं, यीस्टवाचून फुगणारं, पोत्यात कोरडं राहणारं आणि पाणी घातलं की लगेच भट्टीत घालता येईल असं पीठ करता आलं तर? १८४५ मध्ये त्याने तसं पीठ करून पेटंट घेतलं. साध्या मैद्यात त्याने मीठ, थोडी साखर, खायचा सोडा आणि टार्टारिक आम्ल मिसळलं होतं. टार्टारिक आम्ल म्हणजे द्राक्षांच्या आंबटपणाचा अर्क. चिंचेतही तेच असतं. वाइनच्या पिंपांना आतून जी खडबडीत पापडी धरते, तिच्यापासून ते काढतात.

आता गंमत बघा. सोडा आणि आम्ल यांचं हाडवैर. समोरासमोर आले की फसफसून एकमेकांना संपवल्याशिवाय राहत नाहीत. आणि या गृहस्थाने दोघांना एकाच पोत्यात ठेवलं! हे त्याला कसं साधलं? चल, आधी त्यांचं भांडण बघू. बशीत चमचाभर खायचा सोडा घे आणि वर लिंबू पीळ. फस्स! आता तेच कोरडं करून बघ. हे बरणीतलं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्लाचे खडे. हे कोरड्या सोड्यात मिसळ. काही झालं? काही नाही. पाच मिनिटं थांबलो तरी काही नाही. आता पाण्याचा एक थेंब टाक. जिथे थेंब पडला तेवढंच फसफसलं, शेजारचं तसंच शांत. दिसलं?

कोरड्या कणांना एकमेकांना नीट भेटताच येत नाही. ते शेजारी असतात, पण नुसते काठाला काठ लावून. पाण्यात विरघळले की दोघांचेही अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारे भाग सुटे होतात, फिरू लागतात, एकमेकांवर आदळतात, आणि मगच तो वायू सुटतो. म्हणून हेन्री जोन्सची सगळी काळजी पीठ कोरडं ठेवण्याची होती. आधी तो पिठात आम्ल मिसळून ते दोन-तीन दिवस तसंच राहू द्यायचा, म्हणजे आम्लाबरोबर आलेला ओलावा पीठ शोषून घेईल. त्यानंतर सोडा घालायचा. भट्टीपुढे उभ्या असणाऱ्या माणसाने रेणूंची ही खोड ओळखली आणि तिला वळण लावलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आरमाराच्या अधिकाऱ्यांना ते पटायला मात्र दहा वर्षं लागली. १८५५ च्या सुमारास, क्रिमियाचं युद्ध चालू असताना, आरमाराने हे पीठ स्वीकारलं.

पण मला तुम्हांला सांगायचं आहे ते पुढेच आहे. बशीतून जो वायू सुटला, तो आला कुठून?

तो कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून सोडतो तोच. एक पेटती मेणबत्ती आण. ताटलीत नको, उंच भांड्याच्या तळाशी उभी कर. आता दुसऱ्या भांड्यात सोडा आणि लिंबू घालून फसफसू दे आणि मग ते भांडं मेणबत्तीवर हळूच तिरकं कर. पाणी सांडू नको, फक्त वरची हवा ओत. विझली! दिसलं काहीच नाही, तरी काहीतरी ओतलं गेलं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो भांड्यात खाली बसला आणि ज्योतीची हवा त्याने अडवली.

हा वायू दगडात बांधलेला असतो, हे १७५० च्या दशकात एडिंबराच्या जोसेफ ब्लॅक नावाच्या तरुण डॉक्टरने दाखवून दिलं. चुनखडी तापवली की तिचं वजन घटतं, आणि जेवढं वजन घटतं तेवढी हवा तिच्यातून सुटते, हे त्याने तराजूने मोजून सिद्ध केलं. दगडात हवा असते यावर चटकन कुणाचा विश्वास बसत नाही. दगड म्हणजे दगड आणि वारा म्हणजे वारा, असंच आपण समजतो.

मग दगडात हवा शिरली कशी? त्यासाठी आपण बुलढाण्याला जाऊ. लोणारचं सरोवर तुम्ही चित्रात पाहिलंच आहे. आकाशातून अशनी आदळला आणि काळ्या बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा पडला. त्या खड्ड्यात पाणी साचलं. आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला नाही. पाऊस पडतो तेव्हा त्याचं पाणी हवेतला आणि मातीतल्या मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा स्वतःत विरघळवून घेतं आणि किंचित आंबट होतं. असं पाणी वर्षानुवर्षं दगडावरून वाहतं, दगडाला झिजवतं, त्यातलं सोडियम घेऊन सरोवरात उतरतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, पण क्षार मागे राहतो. सोडियम आणि तो वायू यांची गाठ बसून झालेला क्षार, म्हणजे सोडाच! म्हणून लोणारचं पाणी हाताला बुळबुळीत लागतं आणि त्यात साधा मासा जगत नाही. ज्यांना हेच पाणी मानवतं असे सूक्ष्म जीव मात्र तिथे सुखाने नांदतात. २०२० च्या जूनमध्ये त्यांच्यामुळेच अख्खं सरोवर गुलाबी झालं होतं. जुन्या काळी इथला क्षार गोळा करून साबण आणि काच करण्यासाठी वापरायचे. अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या ‘ऐन-ए-अकबरी’तही त्याची नोंद आहे.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात हेच घडलं, पण कितीतरी मोठ्या प्रमाणात. जवळजवळ पाच कोटी वर्षांपूर्वी तिथे एक विशाल सरोवर होतं. ते पुन्हा पुन्हा आटलं आणि तळाशी क्षाराचे थर बसत गेले, त्यांच्यावर चिखल आला, चिखलाचा खडक झाला. १९३८ मध्ये तिथे तेल आणि वायूच्या शोधात विहीर खोदत होते, तेव्हा शेकडो फूट खोलीवर हा क्षार सापडला. त्याला ट्रोना म्हणतात. जगातला सर्वांत मोठा साठा तो हाच. आज अमेरिकेत स्वयंपाकघरात जो सोडा जातो, तो बहुतेक या ट्रोनापासूनच करतात.

आणि आपल्याकडचा? गुजरातच्या टोकाला, ओख्याजवळ मिठापूर आहे. तिथे समुद्राचं मीठ आणि चुनखडक यांच्यापासून सोडा करतात. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हेने १८६१ मध्ये ही कृती शोधली. मीठ देतं सोडियम आणि चुनखडक देतो वायू. चुनखडक कशाचा, ठाऊक आहे ना? समुद्रातल्या जीवांनी पाण्यातला कार्बन घेऊन कवचं बांधली, ते जीव मेले, कवचांचा भुगा साचला, दाबला गेला, त्याचा खडक झाला. म्हणजे मघाशी बशीत जो बुडबुडा फुटला, त्यातला वायू कधीकाळी एखाद्या शिंपल्याच्या अंगात होता. त्या आधी समुद्राच्या पाण्यात होता आणि त्याही आधी हवेत. युगानुयुगं दगडात अडकून पडलेला वारा आपण लिंबाच्या चार थेंबांनी मोकळा केला! मुलांनो, मी हे कितीदा वाचलंय, पण आजही सोड्याचा चमचा हातात घेतला की माझं मन दूर जातं.

आम्लाची गोष्टही काही कमी नाही. टार्टारिक आम्ल महाग, द्राक्षांच्या देशांतून आणावं लागे. अमेरिकेत हार्वर्डला एबेन हॉर्सफर्ड नावाचे प्राध्यापक होते. जर्मनीत लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञापाशी ते शिकले होते. त्यांनी हाडं घेतली. हो, जनावरांची हाडं! ती गंधकाम्लात घालून त्यांच्यातून एक आंबट फॉस्फेट काढलं. चूर्ण करून कोरडं ठेवता येईल आणि सोड्याला जागं करू शकेल असं ते होतं. १८५६ मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पुढे हाडांऐवजी जमिनीतले फॉस्फेटचे खडक वापरू लागले. ओलावा शोषायला आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवायला मक्याचा स्टार्च मिसळला, आणि झाली आजची बेकिंग पावडर. ओट्यावरचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाच बघू. ५०० हा आकडा दिसला? तो सोडा. शेजारी ३४१ किंवा ४५० असेल, तो फॉस्फेट. खडकांचाच एक डबा आपल्या फडताळात बसलाय.

आता गहू. अमेरिकेच्या दक्षिणेला, टेनेसी, जॉर्जिया, कॅरोलिना या मुलखात, थंडीपूर्वी पेरतात तो गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी. पावासाठी हा बरा नाही. पावाला कणखर गहू लागतो, कारण पीठ मळताना त्यातल्या प्रथिनांचं लवचीक जाळं होतं. त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्टचा वायू रात्रभर धरून ठेवायचा तर जाळं चिवट हवंच. पण सोड्याचा वायू काही मिनिटांत येतो. त्याला चिवट जाळं नको, हलकं, पटकन फुगून भाजलं जाणारं पीठ हवं. म्हणजे पावाला नालायक ठरलेला गहू या कामाला अगदी योग्य! तिथल्या गिरण्यांनी अशाच मैद्यात सोडा, फॉस्फेट आणि मीठ आधीच मिसळून पिशव्या विकायला सुरुवात केली. नॉक्सव्हिलला सुरू झालेलं ‘व्हाइट लिली’ आणि नॅशव्हिलला सुरू झालेलं ‘मार्था व्हाइट’ ही नावं तिथे घरोघरी ठाऊक आहेत. सेल्फ-रायझिंग फ्लोअर म्हणतात त्याला, आपोआप फुगणारं पीठ.

त्या पिठाची तिथे करतात ती बिस्किटं. आपल्या पुड्यातली नव्हेत. ही जाड, मऊ, वरून सोनेरी, पदर सुटलेली, हाताने मधोमध उघडून लोणी किंवा मध लावून गरम गरम खायची. सकाळच्या न्याहारीला रोज ताजी. या बिस्किटांच्या आधी तिथे दुसरीच बिस्किटं होती. त्यांत सोडा नव्हता. कणीक लाकडी मोगरीने अर्धा अर्धा तास बडवायची, घडी घालायची, पुन्हा बडवायची, म्हणजे थोडी हवा आत कोंडली जाईल. ते बडवायचं कोणी? मोठ्या घरांच्या स्वयंपाकघरांत गुलाम म्हणून ठेवलेल्या आफ्रिकी बायकांनी. गोऱ्या मालकाच्या ताटातला हलकेपणा त्यांच्या दंडांतून आलेला होता. सोडा आणि बेकिंग पावडर आली, तसं ते बडवणं हळूहळू मागे पडलं. म्हणून ही गोष्ट नुसत्या रसायनाची नाही असं मी म्हणतो.

चला, आता करू या. पीठ घरीच तयार होतं. एक वाटी, म्हणजे साधारण १२० ग्रॅम मैदा, त्यात दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा मीठ. आपला मैदा तिथल्या मैद्यापेक्षा थोडा चिवट असतो, म्हणून वाटीतला दोन मोठे चमचे मैदा काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घालायचा. हे सगळं दोन-तीनदा चाळून घे. चाळणं टाळू नको हं, बेकिंग पावडर एकाच जागी राहिली तर तिथे बिस्किट कडवट आणि तपकिरी डागाचं होतं.

अशा दोन वाट्या पिठात फ्रीजमधलं गार लोणी, साठ ग्रॅम, लहान तुकडे करून बोटांच्या टोकांनी चुर. तळहात लावू नको, तळहाताने लोणी वितळतं. मटारएवढे तुकडे दिसायला हवेत. मग पाऊण वाटी घट्ट ताक. आपलं रोजचं पातळ ताक नाही चालायचं. दही घुसळून किंचित पाणी घाल, तेवढंच. ओतल्याबरोबर कान लाव. ऐकू येतंय? अगदी बारीक चुरचुर. वारा सुटायला लागला! या दोन वाट्यांत बेकिंग पावडरचे तीन छोटे चमचे आहेत. त्यांच्यातून जवळजवळ एक लिटर वायू निघतो. पाण्याची एक लिटरची बाटली डोळ्यांपुढे आण. तेवढा वायू तीन चमच्यांत मावलेला होता!

आता घाई करायची. पोळीची कणीक मळतो तसं मळायचं नाही. मळलं तर जाळं चिवट होईल. नुसतं गोळा करायचं, थापायचं, घडी घालायची, पुन्हा थापायचं, तीन-चार वेळा. पदर त्यातूनच सुटतात. बोटभर जाड ठेव. वाटीने कापताना सरळ खाली दाब, फिरवू नको. फिरवलं की कडा चिकटून बंद होते आणि बिस्किट एका बाजूला वाकडं फुगतं. ट्रेमध्ये एकमेकांना चिकटून ठेव. आडवं पसरायला जागा नसली की ती वर चढतात.

ओव्हन २३० अंशांवर चांगला तापलेला हवा. आता काचेतून बघा, दोघंही. पहिली दोन मिनिटं काहीच नाही. मग कडा ताठ होतात. आत काय चाललंय ते सांगतो. बेकिंग पावडर नवा बुडबुडा तयार करत नाही. चाळताना, घडी घालताना जी हवा आत गेली, तिचे हजारो बारीक कप्पे आधीच पिठात आहेत. सुटलेला वायू त्यांतच शिरतो आणि त्यांना मोठं करतो. हवेचे कप्पेच नसते तर वायूला जागा मिळाली नसती, तो निसटून गेला असता. थोडा वायू ताक लागताच सुटला होता, उरलेला आता उष्णतेने सुटतोय. लोण्याचा प्रत्येक तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि जिथे तुकडा होता तिथे पोकळी राहते. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगू लागतो, आणखी थोडं तापलं की प्रथिनं घट्ट होतात. तोवर जेवढं फुगलं तेवढं कायमचं. ओव्हन गार असेल तर भिंती घट्ट व्हायच्या आधीच वारा निघून जातो, आणि बिस्किट बसकं राहतं. बारा मिनिटांत वरचा रंग सोनेरी झाला की बाहेर.

एक उघडून आतून बघ. सुरीने कापू नको, हातानेच उघड. ही भोकं दिसतात? प्रत्येक भोकात होता तो वायू आता खोलीत मिसळला. पुढे एखादं झाड तो पानात घेईल किंवा पाऊस घेईल. पावसाने घेतला तर तो पुन्हा एखाद्या दगडाकडे निघेल.

उरलेलं पीठ कसं ठेवायचं? घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आणि कोरड्याच चमच्याने काढायचं. आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात तर हवेतला ओलावाच त्याला थोडं थोडं जागं करतो. पीठ वरून जसंच्या तसं दिसतं, पण आतला वारा हळूहळू निघून गेलेला असतो. शंका आली तर चमचाभर पीठ गरम पाण्यात टाकून बघायचं. चांगलं फसफसलं तर चालेल, गप्प राहिलं तर त्याच्या पोळ्या लाटा, बिस्किटांचा हट्ट नको.

आणि हो, धाकट्याने विचारलेलं राहिलंच. हो रे, ढोकळ्यात आई इनोची पुडी घालते त्यातही हेच, सोडा आणि सायट्रिक आम्ल, कोरडे, शेजारी शेजारी. आता तुला कळलं ना, इनो घातल्यावर ती पीठ एकाच दिशेने भरभर ढवळून लगेच वाफवायला का ठेवते ते? तिला मध्येच हाक मारत जाऊ नकोस.